आनंदाचं पाकीट करायचंय? आधी त्या घरचा दुखवटा बघा

पुण्यातल्या एका कंपनीच्या मनुष्यबळ विभागातून प्रश्न आला आहे. कर्मचाऱ्याच्या घरी लग्न झालं किंवा मूल झालं की कंपनी पैशांचं पाकीट देते. ते पाकीट आता नव्यानं करायचं आहे. माणसं पुण्यात आहेत, तशीच ओसाका, सोल, हाँगकाँग आणि तेल अवीवलाही आहेत. सगळ्यांसाठी एकच पाकीट हवं आणि त्यावर सगळ्यांना कळेल अशी आनंदाची एकच खूण हवी. "पिवळा हसरा चेहरा चालेल का, की झेंडूचं तोरण, की सरळ लाल रंग?" असं विचारलं आहे.

माझा धंदाच लग्नपत्रिका आणि आहेराच्या पाकिटांचा आहे. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी घरांची कामं येतात आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या जपानी, चिनी, ज्यू व्याह्यांचीही येतात. त्या अनुभवावरून सांगते: सगळीकडे चालेल अशी एक खूण नाही. ती शोधण्यात वेळ घालवू नका. मी नवीन कामाला बसते तेव्हा पहिला प्रश्न विचारते तो दुःखाचा. तुमच्याकडे मयताच्या घरी काय नेतात, कोणत्या रंगाचं, कोणत्या आकड्याचं, कसं घडी घातलेलं? लग्नाच्या कामात हे विचारलं की माणसं क्षणभर गप्प होतात. पण कागदावरची आनंदाची खूण वाचली जाते ती शेजारच्या दुःखाच्या खुणेवरून. ती ठाऊक नसेल, तर आपण मोठ्या प्रेमानं सुतकाचं पाकीट छापून बसतो.

याची सवय आपल्याला आहेच, फक्त ती आता मागे पडली आहे. पोस्टकार्डांच्या काळात कार्डाचा कोपरा फाडलेला दिसला की पोस्टमनच्या हातातच कळायचं, कुणीतरी गेलं. ते कार्ड दारात वाचायचे आणि फाडून टाकायचे, घरात ठेवत नसत. उलट शुभकार्याच्या पत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लागलेलं असायचं. कागद तोच, टपाल तेच आणि निरोप सांगायचा तो कोपरा. हळदीच्या बोटाला अर्थ होता, कारण त्याच जागी फाडलेला कोपराही असू शकत होता. (जाता जाता धंद्यातली एक गोष्ट: गुळगुळीत आर्ट पेपरवर किंवा लॅमिनेशनवर हळद बसत नाही, पाकिटातच पुसली जाते आणि आतल्या मजकुरावर डाग पडतो. घरचे हळदकुंकू लावणार असतील, तर निदान कोपरे तरी बिनचकाकीच्या कागदाचे ठेवा. मॅपलिथो उत्तम, हातकागद त्याहून उत्तम.)

आता ओसाका. जपानी पाकिटाबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण या बाबतीत इतका बारीक विचार केलेला दुसरा कागद माझ्या हाताखालून गेलेला नाही.

लग्नाच्या आहेराचं जपानी पाकीट म्हणजे पाकिटात पाकीट असतं. आतल्या लहान पाकिटात नोटा, बाहेर जाड पांढऱ्या कागदाची घडी आणि तिच्यावर पीळदार कागदी दोऱ्यांची गाठ. गाठी मुख्यतः दोन प्रकारच्या. एक फुलासारखी, टोक ओढलं की सुटणारी. ती मूल झालं, बढती मिळाली अशा गोष्टींसाठी, म्हणजे पुन्हा पुन्हा घडल्या तरी आनंदच आहे अशांसाठी. दुसरी घट्ट, ओढली तर आणखी आवळणारी. ती लग्नासाठी, कारण ते एकदाच व्हावं. आणि हीच घट्ट गाठ मयताच्या पाकिटावरही असते, कारण तेही त्या घरावर पुन्हा येऊ नये. म्हणजे लग्न आणि मरण गाठीच्या बाबतीत एका बाजूला आणि बाळाचा जन्म दुसऱ्या बाजूला. तुम्हाला लग्नासाठी आणि बाळासाठी एकच पाकीट हवं आहे. ओसाकासाठी ते तिथेच अडतं.

मग लग्न आणि मरण वेगळं कशावरून ओळखायचं? दोऱ्यांच्या रंगावरून. आनंदाला लाल-पांढरे किंवा सोनेरी-रुपेरी, दुःखाला काळे-पांढरे. घडीवरूनही कळतं. पाकीट उलटं करून पाहा: आनंदाच्या पाकिटात मागची खालची घडी वरच्या घडीवर येते, तोंड वर उघडं, सुख झेलायला. दुःखाच्या पाकिटात वरची घडी खालच्यावर येते, म्हणजे दुःख वाहून जावं. शाईवरूनही कळतं. शुभप्रसंगी नाव गडद काळ्या शाईत लिहितात. मयताच्या पाकिटावर मुद्दाम फिकट, राखाडी शाईत लिहितात, शाईत अश्रू पडून ती पातळ झाली असावी तशी. नोटांवरूनही कळतं. लग्नाला कोऱ्या करकरीत नोटा, कारण आम्ही या दिवसाची वाट पाहत होतो. मयताला कोऱ्या नोटा नेत नाहीत, कारण तुमच्या घरच्या मरणाची तयारी आम्ही करून ठेवली होती असा त्याचा अर्थ होईल. पाकिटाच्या उजव्या कोपऱ्यात रंगीत कागदाची एक छोटी घडी असते. पूर्वी तिच्यात एका समुद्री शिंपल्यातल्या मांसाची वाळवलेली पट्टी असे. दुःखाच्या पाकिटावर ती नसते, कारण बौद्ध घरात दुखवट्यात मांस वर्ज्य.

यात कुठे हसरा चेहरा आहे का? पिवळा हसरा चेहरा अमेरिकेतल्या वुस्टर गावी १९६३ साली हार्वी बॉल नावाच्या चित्रकारानं काढला. दोन विमा कंपन्या एकत्र झाल्या होत्या, कर्मचारी नाराज होते, त्यांचं मन रमावं म्हणून कंपनीनं तो करून घेतला आणि त्याचे त्याला ४५ डॉलर दिले. तो चेहरा वाईट नाही, आणि कार्यालयातच जन्मलेला असल्यामुळे कार्यालयात शोभतोही. पण तो एका माणसाच्या मनाची अवस्था दाखवतो. लग्नाचं, बारशाचं पाकीट वेगळं बोलतं. ते म्हणतं, तुमच्या घरी जे घडलंय ते आम्हाला कळलंय आणि आम्ही त्यात आहोत. त्यामुळे जुन्या रीतींमध्ये पाकिटावर गाठ दिसते, आकडा दिसतो, रंग दिसतो. चेहरा मला क्वचितच दिसला.

रंगाचं बघू. आपल्याकडून निघणाऱ्या पाकिटाला पहिली सुचते ती हळद. पिवळं पाकीट, त्यावर पांढरी नक्षी, फार गोड दिसतं. पण ओसाका ज्या भागात येतं, त्या कान्साई भागात श्राद्धासारख्या विधींच्या पाकिटावर पिवळ्या-पांढऱ्या दोऱ्या बांधायची रीत आहे. टोकियोचा माणूस कदाचित काही म्हणणार नाही, ओसाकाच्या घरातली आजी मात्र ते पाकीट हातात घेऊन थांबेल. फुलांचंही तसंच. आपल्या वेणीत, हारात, गौरीपुढे शेवंती असतेच. जपानमध्ये, तशीच कोरियात आणि चीनमध्येही, पांढरी-पिवळी शेवंती म्हणजे मयताचं फूल. आणि गंमत अशी की जपानच्या राजघराण्याचं चिन्ह सोळा पाकळ्यांची शेवंतीच आहे. फूल तेच, कुठे आणि कोणासाठी ठेवलं यावर सगळं. झेंडूबद्दल तुम्ही विचारलंत. तुमच्या यादीतल्या शहरांत तो कुठे खटकणार नाही. पुढेमागे मेक्सिकोत माणसं घेतलीत तर लक्षात ठेवा, तिकडे १ आणि २ नोव्हेंबरला मृतांच्या दिवशी घरातल्या गेलेल्यांना वाट दाखवायला झेंडूच्याच पाकळ्या पसरतात. झेंडू मूळचा तिकडचाच आहे.

पांढऱ्याला घाबरून पांढरं टाळायची मात्र गरज नाही. सोलमध्ये लग्नाचा आहेर साध्या पांढऱ्या पाकिटातच देतात आणि मयताची मदतही पांढऱ्या पाकिटातच. फरक फक्त वर लिहिलेल्या अक्षरांचा. गोव्यातल्या कॅथलिक घरात नवरी चर्चमध्ये पांढऱ्या पोशाखात जाते, पण तिच्यासाठी साडो नावाचा लाल पोशाखही शिवलेला असतो. त्याचं कापड कापायचाच एक वेगळा समारंभ होतो. एका लग्नात दोन्ही रंग सुखानं नांदतात. आणि काळ्याचं काय सांगू! एरवी शुभकार्यात काळं नको म्हणणारं आपलं घर संक्रांतीला नव्या सुनेला कौतुकानं काळी साडी नेसवतं, वर पांढऱ्याशुभ्र हलव्याचे दागिने घालतं, बाळाला काळं झबलं शिवून बोरन्हाण करतं. थंडीत काळा कपडा ऊब देतो म्हणून ते सुरू झालं असं सांगतात. कारण काहीही असो, तेवढ्या दिवसापुरता काळा रंग आनंदाचा होतो आणि कोणाचा गोंधळ होत नाही.

हाँगकाँगला लाल रंग निःशंकपणे वापरा. पण लग्नाचं म्हणून जे प्रसिद्ध चिन्ह आहे, आनंदाचं एकच अक्षर दोनदा जोडून केलेलं, ते बाळाच्या पाकिटावर छापू नका. ते जोडप्याचं आहे. डावी-उजवी बाजू सारखी असल्यामुळे लाल कागदाला मधे घडी घालून ते सहज कापता येतं, म्हणून ते दारांवर, खिडक्यांवर, भांड्यांवर सगळीकडे दिसतं. बाळासाठी तिकडची जुनी रीत म्हणजे महिना झाला की लाल रंगवलेली अंडी वाटायची, आपण पेढे वाटतो तशीच. दुःखाची रीत तिथेही शेजारीच उभी आहे. मयताला जाऊन परत निघणाऱ्या माणसाच्या हातात एक लहान पांढरं पाकीट देतात. त्यात गोळी, कागदी रुमाल आणि एक नाणं असतं. गोळी खायची, नाणं घरी पोचायच्या आत खर्च करायचं, दुःख बरोबर घरी न्यायचं नाही. हे पाकीट एकदा पाहिलं की आनंदाचं पाकीट तिथे लालच का लागतं हे मला वेगळं सांगावं लागणार नाही.

आकड्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण ते सर्वांत आधी विचारायला हवं होतं. पाकिटाचा रंग चुकला तर परकी कंपनी म्हणून लोक सोडून देतात. आतली रक्कम लक्षात राहते. आपण १०१, ५०१, १००१ देतो. पाकिटावर रुपयाचं नाणं चिकटवलेलंच मिळतं, म्हणजे ऐन वेळी सुट्टा रुपया शोधायला नको. शून्यावर संपू नये, सहज दोन भाग पडू नयेत, देणंघेणं पुढे चालू राहावं, असे त्या रुपयाचे अर्थ घरोघरी सांगतात. जपानमध्येही लग्नाला समान दोन भाग होतील अशी रक्कम टाळतात. मित्राच्या लग्नाला तीस हजार येन, दहा हजारांच्या तीन नोटा, ही सर्वमान्य रक्कम. म्हणजे आपली आणि त्यांची भीती एकच: जोडी तुटू नये. आणि हाँगकाँगला नेमकं उलट! तिथे शुभकार्याची रक्कम सम हवी, चांगली गोष्ट जोडीनं यावी म्हणून. विषम रक्कम मयताला देतात. तुमच्या वित्त विभागानं सगळ्या शहरांना नियम म्हणून शेवटी एक जोडून पाठवलं, तर पुण्यात ते आशीर्वाद ठरेल आणि हाँगकाँगला दुखवटा. त्यातही चार नको. त्याचा उच्चार तिकडे मृत्यूच्या उच्चाराशी जुळतो. आठ असेल तर सगळे खूश.

तेल अवीवला अठराच्या पटीत द्या: १८०, ३६०, ५४०. हिब्रू अक्षरांना आकड्यांची किंमत असते आणि 'जिवंत' या शब्दाच्या अक्षरांची बेरीज अठरा येते. ही रीत अमेरिकेतल्या ज्यू घरांत जास्त पक्की आहे, इस्रायलमध्ये सगळेच ती पाळतात असं नाही, पण अठराच्या पटीतली रक्कम कुठल्याच ज्यू घरात परकी वाटणार नाही.

ज्यूंबद्दल लिहिताना मला अलिबागकडचे बेने इस्रायल आठवतात. त्यांना परके म्हणायला माझी जीभ वळत नाही. मराठी बोलणारे, कोकणात तेल गाळायचा धंदा करणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनिवार तेली म्हटले गेलेले. त्यांच्या पत्रिका मी केल्या आहेत, हिब्रू आणि मराठी शेजारीशेजारी. घरात काही चांगलं घडलं की ते मलिदा करतात: पोहे, खोबरं, साखर, फळं असं ताट आणि एलियाहू पैगंबराचं स्मरण. लग्नात नवरी आत येते तेव्हा नवरा तिच्यासाठी गाणं म्हणतो. आणि विधीच्या शेवटी, जगभरच्या ज्यू लग्नांत होतं तसं, कापडात गुंडाळलेला काचेचा पेला नवऱ्याच्या पायाखाली येतो. काच फुटल्याचा आवाज येतो आणि त्याच क्षणी सगळे ओरडून अभिनंदन करतात. हा पेला कशासाठी? जेरुसलेमचं मंदिर इसवी सन ७० मध्ये उद्ध्वस्त झालं, त्याची आठवण. सर्वांत मोठ्या आनंदाच्या क्षणीही ती विसरायची नाही. त्यांच्यात कुणी गेलं की जवळच्या नातेवाइकांनी अंगावरचा कपडा फाडायचा असतो. फाडणं दुःखाचं, आणि आनंदातही थोडं फोडणं. वल्हांडण म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याचा त्यांचा सण. त्या रात्री इजिप्तवर आलेल्या दहा संकटांची नावं घेताना ते पेल्यातली वाइन एकेक थेंब बाहेर काढतात. आपली सुटका झाली हे खरं, पण त्यात समोरची माणसं मेली, तेव्हा आपला पेला काठोकाठ भरलेला नको, असा त्याचा अर्थ सांगतात. आनंदाबद्दल मला माहीत असलेल्या सगळ्या रीतींत ही मला सर्वांत मोठी वाटते. शत्रूच्या दुःखासाठी स्वतःचा पेला कमी करणं सोपं नाही.

इथे एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे, कारण तुमच्या पाकिटाशी तिचा थेट संबंध येईल. आनंदाची खूण दुःखाच्या खुणेवरून ठरते हे कागदावर ठीक आहे. दोरा काळा करा, शाई फिकट करा, कोपरा फाडा. पण आपल्याकडे आपण हे माणसावर केलं. नवरा गेलेल्या बाईलाच दुःखाची खूण बनवलं. हळदकुंकवाला तिला बोलवायचं नाही, ओटी तिनं भरायची नाही, स्वतःच्या मुलीच्या हळदीत तिनं मागे उभं राहायचं. पत्रिकेवर हळद लावायला घरातली आई पुढे येते आणि कुणीतरी हळूच तिच्या हातातून वाटी काढून घेतं, हे मी माझ्या टेबलासमोर पाहिलं आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या गावांना तो कित्ता गिरवायला सांगितलं. एका गावाच्या ठरावानं रीत मोडत नाही, पण गावानं ते लिहून काढलं याला मी फार मानते. माझ्याकडे काम येतं तेव्हा मी विचारते, पहिली हळद आईच्या हातून लावायची ना? बहुतेक घरं हो म्हणतात. त्यांना कुणीतरी विचारायलाच हवं होतं. तसंच, मुलगा झाला तर पेढे आणि मुलगी झाली तर बर्फी ही वाटणी तुमच्या पाकिटावर येऊ देऊ नका. निळं आणि गुलाबीही नको. बाळाचं पाकीट एकच.

तर काय करायचं. दोन पाकिटं करा, एक लग्नाचं, एक बाळाचं. प्रत्येकाचा कागद सगळीकडे एकच राहू दे: दुधाळ पांढरा, बिनचकाकीचा, जाडसर. त्यावर बदलता येणारी एक पट्टी ठेवा. पुण्याला कुंकवाचा लाल आणि हळदीचा पिवळा, एक रुपयाच्या नाण्याला जागा. हाँगकाँगला पट्टी नको, अख्खं बाहेरचं आवरणच लाल. सोलला पट्टीवर फक्त अभिनंदनाची अक्षरं, तिथल्याच सहकाऱ्याकडून लिहून घेतलेली. तेल अवीवला निळी-रुपेरी पट्टी चालेल, त्यांच्याकडे रंगाचं बंधन कमी आहे. ओसाकासाठी छापील गाठ करू नका. तिथल्या दुकानातून खरी पाकिटं आणा आणि आत तुमचं पत्र ठेवा. त्या पत्राच्या मजकुरात विरामचिन्हं घालू नका. औपचारिक शुभसंदेशात ते स्वल्पविराम, पूर्णविराम देत नाहीत, आनंदाला थांबा लागू नये म्हणून. आपण नारळ फोडला न म्हणता वाढवला म्हणतो, त्याच घरातला हा संकोच आहे. मराठी पत्रात मात्र पूर्णविराम हवाच.

छपाईला देण्याआधी प्रत्येक शहरातल्या एका वयस्कर माणसाला नमुना हातात द्या. पडद्यावर दाखवू नका, घडी आणि कागद हातातच कळतात. "हे पाकीट मयताला चालेल का?" एवढंच विचारा. "छे, छे!" असं उत्तर आलं तर काम झालं.

नावं हातानं लिहा, आणि गडद काळ्या शाईत. आपल्या पत्रिकेत वधूवरांची नावं लाल छापतात आणि ते सुंदर दिसतं, पण कोरियात आणि चिनी घरांत जिवंत माणसाचं नाव लाल शाईत लिहीत नाहीत. काळी शाई पाचही शहरांत चालते. फक्त पेन नवीन घ्या, ओसाकासाठी ती फिकट उमटायला नको.